मॅनेजरची साखर

मी एका मधुमेही बोक्याला कंदी पेढा खाऊ घातला. एक नव्हे, अडीच. उरलेला अर्धा मी खाल्ला.

माझी बाजू ऐकून घ्या. साताऱ्याला बहिणीकडे कार्य होतं. निघताना तिने किलोभर पेढ्यांचा डबा हातात दिला. सांगलीत विश्रामबागेजवळ आमच्या घराशी रिक्षातून उतरलो, तर फाटकाच्या खांबावर शेजारच्या दस्तगीरचाचांचा बोका बसलेला. त्याने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बदलून आलेले नवे साहेब टेबलावरच्या फायलीकडे आणि मग कारकुनाकडे पाहतात, अगदी तसं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मी. अशा नजरेपुढे माझे हात आपोआप चालू लागतात.

तिसरा पेढा निम्मा झाला असताना चाचा बाहेर आले. ते ओरडले नाहीत. जवळ येऊन त्यांनी बोक्याच्या मिशा पुसल्या आणि विचारलं,

"किती दिला?"

"थोडासाच," मी म्हणालो.

"थोडा म्हंजे किती?"

मी खरा आकडा सांगितला. चाचांनी डब्यातून एक पेढा उचलला, सदऱ्याच्या खिशातून मापाचा व्हर्नियर काढला, पेढ्याची रुंदी घेतली, जाडी घेतली, ओठ हलवत काही हिशेब केला, पेढा परत डब्यात ठेवला आणि बोक्याला काखेत मारून आत गेले. बोक्याला साखर आहे हे मला त्या संध्याकाळी बायकोकडून कळलं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी तेवढा राहिलो होतो.

दस्तगीरचाचा म्हणजे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत चाळीस वर्षं लेथ चालवलेले टर्नर. लोक खिशाला पेन लावतात तसा ते व्हर्नियर लावायचे. कारखाना सुटला, व्हर्नियर सुटला नाही. सुतार दाराला बिजागरी ठोकून गेला की चाचा मागून जाऊन फट मोजत. नव्या भाकरीवालीकडून आणलेली भाकरी कडेला जाड आणि मध्ये पातळ निघाली, तर दुसऱ्या दिवशी तिला मापासकट जाऊन सांगितलं. ती बाई आता त्यांना बघितलं की भाकरी थापता थापता थांबते.

आणि तो प्रश्न. त्यांच्यासमोर 'थोडं' हा शब्द काढायची सोय नव्हती. न्हावी म्हणाला, थोडे बारीक करू का, की प्रश्न. माझ्या बायकोने, सुमनने, भिंतीवरून थोडी कोथिंबीर मागितली, की प्रश्न. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे म्हणाले, थोडं बसतो, तर त्यांनाही तोच प्रश्न, अगदी गंभीर चेहऱ्याने. पाहुणे घड्याळ बघून "दहा मिनिटं" म्हणाले आणि बिचारे खरोखरच दहा मिनिटांनी उठले.

मी सकाळी फिरायला जातो त्या मंडळींत ही नक्कल फार चालायची. मान किंचित कलती, डावा डोळा बारीक, आणि "थोडं म्हंजे किती?" लोक मागून मागून करायला लावत. चहाचे पैसे माझ्याकडून घेत नसत. हे आज लिहिताना मला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं म्हणून लिहितो.

बोक्याचं नाव मॅनेजर. चाचांच्या बायकोने, हमीदाचाचींनी, ते पिल्लू गटारातून उचलून आणलेलं. आम्ही या गल्लीत यायच्या आदल्या वर्षीच त्या वारल्या, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. नाव मात्र चाचांनी ठेवलं. चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार त्या नावात होतं. मॅनेजरचं काम काय, तर दुसरा राबत असला की उंचावर बसून बघत राहायचं. बोका अगदी तेच करायचा.

एका उन्हाळ्यात तो बादलीभर पाणी प्यायला लागला आणि अंगाने उतरत चालला. चाचा त्याला पिशवीत घालून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. पुढे म्हैस, मागे दोन शेळ्या, मध्ये पिशवीतून डोकं काढून बसलेला मॅनेजर. डॉक्टर भला माणूस होता. त्याने रक्त तपासून सांगितलं की साखर आहे, दोन्ही वेळा इन्शुलिन लागेल, जन्मभर. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चाचा, वय झालंय त्याचं. खर्च थोडाफार होत राहील. तुम्ही बघा, झेपतंय का."

हे पुढे डॉक्टरनेच मला सांगितलं, आणि त्या दिवशी मागच्या शेळ्या दीड तास खोळंबल्या हेही. 'थोडाफार'चा आकडा, आणि 'दोन-तीन युनिट' म्हणजे दोन का तीन, हे कागदावर आल्याशिवाय चाचा उठलेच नाहीत.

इन्शुलिन फार महाग नव्हतं. खर्च होता तो पट्ट्यांचा. बोक्याच्या कानाच्या कडेला सुई टोचायची, थेंब काढायचा, पट्टीला लावायचा, यंत्रात आकडा बघायचा. एका आकड्याला एक पट्टी गेली. चाचांची पेन्शन अशी होती की ती आणायला रिक्षाने गेलं तर परत चालत यावं लागेल. डॉक्टर म्हणाला होता, रोज नाही तपासलं तरी चालेल, अंदाजाने घ्या. चाचा त्या अंदाज शब्दाने इतके दुखावले की आठवडाभर पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. "मशीनवर अंदाज चालत न्हाई, अन् जीवावर चालतोय व्हय?"

म्हणून वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ते परत कुपवाडला जाऊ लागले. जुन्या मालकाच्या पोराने नगावर काम दिलं. लेथवर कातकाम करायचं, जितके नग तितके पैसे. तेव्हापासून चाचांचा सगळा संसार बुशांत, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या पितळी नळकांड्यांत, मोजला जाऊ लागला. एक पट्टी म्हणजे दोन बुश. आठवड्याची कोंबडी म्हणजे तीस बुश. डॉक्टरची फेरी म्हणजे अख्खा शाफ्ट. पितळेची बुशं कातायची ती जवळच्या साखर कारखान्यांची, हंगामाच्या आधीच्या दुरुस्तीची. साखरेच्या कारखान्याला बुश पुरवून हा माणूस बोक्याची साखर मोजत होता. ही गंमत मी त्यांना सांगितली. त्यांना ती दिसली नाही.

लुना विकली, सायकल आली. कोंबडी शिजायची ती बिनमिठाची, बोक्यासाठी. पीस मॅनेजरला, रस्सा चाचांना. रश्श्यात मीठ घालून, भाकरी कुस्करून, ते दाराशी बसून खायचे आणि मॅनेजर वरून बघत बसायचा. मुलगी मलकापूरला दिलेली. ती फोनवर म्हणे, अब्बा, बिल्ली सोडा आणि इकडे या राहायला. चाचा म्हणत, येतो, मॅनेजरची रजा मंजूर झाली की.

आता माझी दुसरी करामत. पेढ्याचं ओझं मनावर होतं. म्हटलं, आपण काही करावं. मी चाचांना न विचारता गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आवाहन टाकलं. चाचांचा सायकलवरचा फोटो, काखेत बोका, आणि खाली माझ्या कारकुनी मराठीत, 'मुक्या जिवाच्या औषधोपचारासाठी सर्वांनी थोडी थोडी मदत करावी.' दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, एकाने जिलबीचं. तरी संध्याकाळपर्यंत अकराशे रुपये जमले आणि मी पाकीट घेऊन फार मोठ्या मनाने त्यांच्या दारात उभा राहिलो.

चाचांनी पाकीट उघडलं नाही. मोबाईलवरचा फोटो मात्र बराच वेळ बघितला.

"माझं काम हाय अजून, भाऊसाहेब," ते म्हणाले. "हात हायत." मग दार लावता लावता, "अन् थोडी थोडी म्हंजे किती, ते तरी लिवायचं."

ते पैसे घरोघर परत करताना मला जे ऐकावं लागलं ते मी इथे देत नाही. चाचा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. सुमनही फारशी बोलली नाही, पण ते निराळं.

गणपती उठले आणि कारखान्यांच्या कामाची घाई सुरू झाली. चाचांना संध्याकाळी आठ आठपर्यंत थांबावं लागणार होतं. मॅनेजरची सुई सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, त्यात फरक चालणार नव्हता. एक दिवस ते आमच्या पायरीवर येऊन बसले आणि मला म्हणाले की संध्याकाळची सुई तुम्ही द्यायची.

मी सुमनकडे पाहिलं. सुमनने चाचांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की गल्लीतली इतकी घरं सोडून हे का. मीही तेच विचारलं.

"तुमी चुकता," चाचा म्हणाले, "पन सांगता. इचारल्याबरोबर अडीच म्हनला. वर्कशॉपमधी असा मानूस लागतो. मशीनवरचा जॉब बिघडला तर भागतं. बिघडवून गप बसला, की म्होरलं समदं जातं."

एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं.

शिकवणी आठ दिवस चालली, वांग्यांवर. पिचकारीत पाणी भरायचं, बुडबुडा झटकायचा, दोन रेघांवर आणायचं, वांग्याचं साल चिमटीत धरल्यासारखं करून सुई तिरकी घालायची. चाचा भिंग घेऊन रेघ तपासत. कृष्णाकाठच्या चांगल्या वांग्यांचे मी इतके डोस केले की सुमनने भरीत करताना विचारलं, हे इतकं पाणचट कशाने झालं. मग खऱ्या मॅनेजरची पाळी. तो वांग्यापेक्षा समजूतदार निघाला. मान पुढे करायचा, सुई घ्यायचा आणि परत खिडकीत जाऊन माझं काम बघत बसायचा.

नियम एकच होता. चाचांनी तो पुठ्ठ्यावर लिहून ताटलीच्या वर टांगला होता. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही, फोन करायचा.

तीन आठवडे सगळं मापात चाललं. मग तो दिवस आला. भारताची मॅच होती, शेवटची षटकं. मी पावणेसहाला ताटली ठेवली. मॅनेजरने दोन तुकडे चघळले आणि खिडकीत जाऊन बसला. मी म्हटलं, खाईल सावकाश. सहाला सुई दिली. कुलूप लावतोय तोवर चाचांचा फोन आला. मागे मशीनचा आवाज.

"खाल्लं?"

"हो, खाल्लं थोडं."

"थोडं म्हंजे किती?"

भिंतीपलीकडे आमच्या टीव्हीवर गलका उठला. मी म्हणालो, "सगळं, चाचा. ताटली चाटून पुसून."

आपण मॅच जिंकलो. तो आनंद फार टिकला नाही.

साडेआठला चाचांनी भिंतीवरून मला हाक मारली. माझं नाव घेऊन. एरवी ते भाऊसाहेब म्हणत. मी गेलो तर मॅनेजर फरशीवर आडवा, पाय लटपटत होते, डोळे उघडे पण कशावर लागत नव्हते. पट्टी लावलेली होती. चाचांनी यंत्र माझ्यापुढे धरलं, त्यांना आकडा दिसत नव्हता, भिंग सापडत नव्हतं. अडतीस, मी वाचलं.

"साखर आना."

त्यांच्या घरात साखर नव्हती. का नव्हती हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी घरी पळालो. स्वतःच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे असतो हे मला माहीत नव्हतं, आणि सुमन मंडईत गेली होती. हाताला लागला तो फ्रीजमधला पेढ्यांचा डबा. बहिणीने पुन्हा पाठवलेला. तोच घेऊन धावलो.

चाचांनी डबा पाहिला. पेढा गरम पाण्यात कुस्करला आणि बोटाने बोक्याच्या हिरड्यांना चोळायला लागले. बोट बुडवायचं, चोळायचं. मोजमाप काही नव्हतं. व्हर्नियर खिशातून गळून फरशीवर पडला होता, त्यावर त्यांचा पाय होता, तेही त्यांना कळलं नाही. चोळता चोळता ते बोलत होते, माझ्याशी की बोक्याशी ते कळत नव्हतं.

"हमीदाला बी साखर हुती. सुई घेतली, अन् जेवली न्हाई. शॉपवर फोन केला. म्हनली, थोडं गरगरतंय." बोट बुडवलं, चोळलं. "मशीनवर जॉब लावला हुता. म्हनलं, पड वाईच, येतो उतरवून. थोडं म्हंजे किती, ते इचारलं न्हाई मी. समद्या जन्मात तेवढंच इचारायचं हुतं."

बोक्याच्या जिभेचं टोक हललं.

"आलो तवा ह्यो उशाला बसलेला. ह्यानं बगितलं समदं. ती काय म्हनली आसंल, ते ह्यालाच ठावं." मग खाली बघत, "तवापासनं इचारतोय समद्यास्नी."

मी फिरायला जाणाऱ्या मंडळींचे हसरे चेहरे आठवत तिथे उभा होतो. मान किंचित कलती, डावा डोळा बारीक.

वीस मिनिटांनी मॅनेजरने डोकं उचललं. दुसरी पट्टी लावली. चौऱ्याहत्तर. चाचा भिंतीला टेकले आणि त्यांनी पहिल्यांदाच ताटलीकडे पाहिलं. तुकडे तसेच होते, वाळून गेलेले. ते माझ्याकडे वळायच्या आत मी सांगितलं.

"चाचा, मी खोटं बोललो. त्याने खाल्लं नव्हतं. दोन तुकडे चघळले फक्त. मला मॅच बघायची होती."

त्यांनी ताटली उचलली, मोरीवर नेऊन घासली, पुसली, जागेवर ठेवली. पुठ्ठा सरळ केला. मला वाटलं, आता किल्ली परत मागतील. मी खिशातून काढूनही ठेवली.

"उद्या साडेपाचला या," ते म्हणाले. "सहाला नगं. साडेपाचला. त्यो खाताना समोर बसायचं."

त्यानंतर मी रोज साडेपाचला जाऊन समोर बसलो. मॅनेजर खायचा, मी तुकडे मोजायचो, फोनवर आकडा सांगायचो. सकाळच्या मंडळींनी नक्कल करायला सांगितली तर मी विसरलो म्हणायचो. चहाचे पैसे मला द्यायला लागले. कारखान्यांची धुराडी पेटली, चाचांची बुशं संपली, ते संध्याकाळी घरी राहू लागले, तरी सुई मीच द्यायची असं ठरून गेलं होतं. कुणी ठरवलं ते आठवत नाही.

थंडी सरता सरता मॅनेजरचं मूत्रपिंड गेलं. डॉक्टर घरी येऊन बघून गेला. त्याने पैसे घेतले नाहीत, आणि आता आणखी काही करू नका म्हणाला, तेव्हा चाचांनी किती दिवस असं विचारलं नाही. दोन दिवसांनी दुपारी, दाराशी उन्हात, त्यांच्या मांडीवर तो गेला. चाचांनी फळीची पेटी केली. चारही कोपरे गुण्यात, नेमक्या काटकोनात, बसवले, झाकणाला केसभर फट ठेवली नाही. मागच्या बाजूला चाचींनी लावलेलं पेरूचं झाड आहे, त्याच्याखाली आम्ही दोघांनी खड्डा काढला. म्हणजे त्यांनी काढला. मी माती उलट्या बाजूला टाकत होतो, हे त्यांनी निम्म्यात सांगितलं.

पट्ट्यांची अर्धी डबी उरली होती. ती घेऊन चाचा माणसांच्या सरकारी दवाखान्यात गेले आणि साखर तपासणीच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या बाईला देऊन आले. ती बाई कोण, त्यांना माहीत नव्हतं. तिला एवढंच सांगितलं म्हणे, की गरगरलं तर किती गरगरतंय ते घरच्यांना नीट सांगायचं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी त्यांच्या दारात उभा होतो. पाय सवयीने गेले. चाचांनी दार उघडलं. खिडकी रिकामी होती. पुठ्ठा तिथेच टांगलेला.

"काय काम हुतं?"

"काही नाही, चाचा. बसतो थोडं."

मी प्रश्नाची वाट बघत राहिलो. त्यांनी तो विचारला नाही. बाजूला सरून वाट दिली, चहा टाकला, आमच्याकडून मागून आणलेली साखर चमच्याने सपाट करून माझ्या कपात घातली. मग आम्ही बसलो. मला गप्प बसणं जमत नाही. मी मॅचचं बोललो, कारखान्यांच्या उसाच्या दराचं बोललो, साताऱ्याच्या बहिणीचं बोललो, पेरूला यंदा फुलोरा बरा दिसतो असंही बोललो. घड्याळात सहा वाजले, तेव्हा दोघंही एकदम उठलो, आणि काही करायचं नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा खाली बसलो.

मी परत तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी खिडकीकडे पाहिलं.

"मॅनेजर बरा हुता," ते म्हणाले. "बसायचा, पन बोलायचा न्हाई."